विरोधात एक

आमच्या घरी रात्रीला पास्ता करायचं ठरलं, की एक हात हमखास वर जातो. "विरोधात एक. नोंद करा!"

हा हात माझ्या सासऱ्यांचा, अण्णांचा. एवढा विरोध करून पास्ता दोनदा वाढून घेतात, ते वेगळंच!

अण्णा कऱ्हाडच्या कोर्टातले निवृत्त वकील. सासूबाई गेल्यापासून दर उन्हाळ्यात आमच्याकडे जर्मनीत, उंटरश्लाइसहाइमला येतात. सोबत मेतकूट, लोणचं आणि 'वकीलसाहेब'. हे वकीलसाहेब म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचे कुणी अमेरिकन गृहस्थ. बार लायब्ररीतल्या एका फाटक्या पुस्तकात अण्णांना सापडले आणि घरचेच होऊन बसले. लाकडाच्या वखारीत राबता राबता कायदा शिकले, राज्याच्या विधिमंडळात निवडून आले. तिथे काळ्या मुलांना शाळेत घेऊ नये, असं बिल आलं. विरोधात कोण, असं विचारल्यावर सगळ्या सभागृहात एकच हात वर झाला. वकीलसाहेबांचा. पुढच्या निवडणुकीत पडले, अशिलं तुटली, कुणी नावही घेईना.

अण्णांनी ही गोष्ट इथल्या बेकरीतल्या बाईलासुद्धा सांगितली, कोर्टातल्या इंग्रजीत. ती बिचारी "या, या", म्हणजे जर्मनमध्ये "हो, हो", करत पाव कापत राहिली. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, वकीलसाहेब सुरू झाले की ऑफिसचा जाडजूड लॅपटॉप उघडतो. अण्णांनी लिहिलेलं वकीलसाहेबांचं चरित्र तर प्रकाशक न वाचताच परत करतात.

"सूनबाई," एकदा भाजी निवडताना म्हणाले, "मी गेलो की या माणसाला ओळखणारं कुणी उरायचं नाही गं."

मी आपला चहा टाकला.

हक्काची श्रोती एकच, आमची नऊ वर्षांची ईरा. पण ती अण्णांना उत्तरं देणार जर्मनमध्ये. त्यातून ती ऐकते की नुसती मान डोलावते, देव जाणे!

जुलैत तिच्या वर्गात 'माझा आवडता माणूस' यावर मुलांची भाषणं होती. अण्णा आणि मी मागे इवल्याशा खुर्च्यांवर कसेबसे मावलो. दोन फुटबॉलपटू झाले, एक घोडेस्वार बाई झाली. मग ईरा उभी राहिली.

"हेर वकीलसाहेब," तिने सुरुवात केली. हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत.

अण्णा दचकले. "अगं, काय म्हणतेय ही?"

"अहो अण्णा, ऐका ना!"

ऐकून काय कळणार? जर्मनचा एक शब्द येत नाही त्यांना. हात मांडीवर ठेवून नुसते तिच्या तोंडाकडे बघत बसले. बोलता बोलता ईरा थांबली. अगदी अण्णा थांबतात तशी. वर्गावरून सावकाश नजर फिरवली आणि हात ताठ वर केला.



माझ्या शेजारी दुसरा हात वर गेला. तो काही खाली येईना. वर्गाच्या बाईंना वाटलं, आजोबांना काही विचारायचंय. त्या हसून "बिट्टे?", म्हणजे "बोला ना", म्हणाल्या.

अण्णांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. भर वर्गात ते मराठीत म्हणाले, "नोंद करा. विरोधात दोन."