शिर्क्यांचं नाक आणि गॅसची गाडी

"पेट्रोल प्यायला ही गाडी काय संस्थानिकांची आहे?" असं भर सोसायटीच्या बाकावर जाहीर करून फत्तेसिंहराव शिर्क्यांनी आपली जुनी पांढरी गाडी एलपीजीवर करून घ्यायचा बेत पक्का केला. "निम्म्या खर्चात फिरेन! सगळं बडोदं पालथं घालीन!"

"पण राव, गॅस लीक थयो तो?" बाकावरच्या एका काकांनी भीत भीत विचारलं.

फत्तेसिंहरावांनी तर्जनी उचलली आणि नाकाच्या शेंड्यावर टेकवली. "हे काय शोभेला ठेवलंय? आमच्या पणजोबांना शत्रूच्या घोड्यांचा वास दोन कोसांवरून यायचा! शिर्क्यांचं नाक आहे हे!"

नाक तसं होतंच. लांब, धारदार, मधे जरासा उंचवटा. चष्म्याला तर जणू पाटच मांडून दिलेला. अडचण एकच होती. ते चालत नव्हतं.

मागे एकदा सडकून ताप आला होता. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. उदबत्ती, रॉकेल, पिकलेला आंबा, ओला टॉवेल, सगळे सारखेच! महिना-दोन महिन्यांत परत येईल म्हणून फत्तेसिंहराव गप्प बसले, आणि मग इतके दिवस गप्प बसल्यावर सांगणार कसं, म्हणून पुढेही गप्पच राहिले. पुण्याच्या शलाकाला, म्हणजे लेकीला, सांगितलं नाही. डॉक्टरांना नाही. बायकोला, राजेश्वरीबाईंना, तर नाहीच नाही. उलट रोज दुपारी दारात चप्पल काढता काढता ते न चुकता म्हणत, "वा! काय घमघमाट सुटलाय!"

आणि गॅसचा बेतही खरं तर बचतीचा नव्हता. राजेश्वरीबाईंचे गुडघे गेले, तेव्हापासून त्यांचं स्कूटरवर मागे बसणं सुटलं. स्कूटर सुटली तसा गुरुवार सुटला. गुरुवार म्हणजे रावपुऱ्यात धाकट्या बहिणीकडे, निरुपमाकडे, जाण्याचा दिवस. फत्तेसिंहराव म्हणत, "अगं, गाडीने सोडतो ना!" बाई म्हणत, "माझ्या एकटीच्या गप्पांसाठी एवढं पेट्रोल जाळायचं? राहू दे." आणि दर गुरुवारी दुपारी गॅलरीत कठड्याला धरून उगाचच उभ्या राहत. ते पाठमोरं उभं राहणं फत्तेसिंहरावांना बघवत नसे. पण बायकोच्या पाठीकडे बघून गाडी गॅसवर केली, असं बाकावर थोडंच सांगता येतं!

मकरपुऱ्याकडच्या गॅरेजात हार्दिकने रीतसर किट बसवलं, कागदपत्रं केली, डिकीत टाकी ठोकली आणि बजावलं, "काका, दोन गोष्टी. डिकीमां वजन मूकता नहीं, अजिबात ठेवायचं नाही. अने वास आली तर लगेच बंद करून मला फोन करा. वास एज निशाणी!"

"वासाचं मला सांगू नकोस," फत्तेसिंहराव म्हणाले आणि त्यांनी नाकाचं एका बाजूचं दर्शन त्याला घडवलं.

गुरुवार उजाडला. राजेश्वरीबाई अबोली रंगाची साडी नेसून गाडीत बसल्या, तेव्हा फत्तेसिंहरावांना वरात निघाल्यासारखं वाटलं. त्या खुशीत त्यांनी दांडिया बाजारात गाडी थांबवली आणि निरुपमासाठी गव्हाचं पोतं घेतलं. रिकाम्या हाताने कसं जायचं! दुकानदार म्हणाला, "मागच्या सीटवर ठेवू?" पण मागच्या सीटवर बाईंनी नुकतं धुतलेलं कव्हर घातलं होतं. तेव्हा फत्तेसिंहरावांनी डिकी उघडली, घराण्याचं नाव घेतलं आणि पोतं टाकीच्या कडेला असं काही आदळलं की गाडीने मान खाली घातली!

पुढच्याच वळणावर राजेश्वरीबाई म्हणाल्या, "अहो, गॅसचा वास येतोय."

फत्तेसिंहरावांनी गाडीचा वेग कमी केला. त्यांनी भात्यासारखा श्वास ओढला. काही नाही! कोरी पाटी! समोर एक रिक्षा धूर काढत चालली होती. "ती बघ, पुढची रिक्षा. सीएनजीवर आहे ना. तिचाच."

सिग्नलला रिक्षावालाच मागे वळून ओरडला, "काका! तमारी गाडीमांथी गॅसनी वास आवे छे!"

"माझ्या? अरे, तुझीच तपास आधी! उगाच दुसऱ्याच्या गाडीला नावं ठेवतोस!"

सिग्नल सुटला, रिक्षा गेली. बाईंनी काच खाली केली. वारा लागला, वास मागे पडला, आणि रावपुरा तर आलाच होता. गुरुवार इतक्या दिवसांनी मिळाला होता. तो सिग्नलवरून परत न्यायला त्यांनाही नको वाटलं.

निरुपमाचं घर एका अरुंद गल्लीत, पहिल्या मजल्यावर. फत्तेसिंहरावांनी गाडी गल्लीच्या मधोमध, तुकोजीराव मान्यांच्या दाराला खेटून लावली, बाईंना हात देऊन वर चढवलं आणि वर पोचल्या पोचल्या दोघी बहिणी अशा बोलायला लागल्या की भिंतीवरचं घड्याळसुद्धा ओशाळलं असेल. फत्तेसिंहराव कोपऱ्यात बसून नुसते बघत होते. गॅस वसूल!

तेवढ्यात खालून हाक आली. "गॅस! गॅसनी वास आवे छे! चूल बंद करो!"

निरुपमा धावत स्वयंपाकघरात गेली. "दाजी, खरंच की हो! कसला उग्र वास आहे!"

फत्तेसिंहरावांनी बायकोकडे पाहिलं. बाईंनी पदर नाकाला लावला होता. झालं! फत्तेसिंहराव ताडकन उठले. "घाबरू नकोस. मी तुला उचलून नेतो."

"काय?"

"उचलून नेतो म्हटलं ना!"

आणि त्यांनी खरंच उचललं. दाराच्या उंबऱ्यापर्यंत पराक्रम टिकला. जिन्याच्या तोंडाशी कमरेतून कट्‌ असा आवाज आला आणि ते होते त्या अवस्थेत थिजले.

"ठेवा मला खाली," बाई त्यांच्या कानाशी शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे मग मी तुम्हाला धरते."

एकीचे गुडघे, एकाची कंबर. कोण कोणाला उतरवतंय ते जिन्यालाही कळलं नसेल, पण उतरले.

खाली निम्मी गल्ली रस्त्यावर आली होती. जो तो आपापलं घर हुंगून येत होता आणि शेजारच्याकडे बोट दाखवत होता. म्हाताऱ्या गंगाबाई हातात काड्यापेटी घेऊन भांडत होत्या, "म्हणजे देवाला दिवासुद्धा लावायचा नाही?" आता अशा वेळी शिर्के घराण्यातला पुरुष गप्प बसेल का!

"मागे व्हा!" फत्तेसिंहराव एका हाताने कंबर धरून गरजले. "कुणी बटण दाबू नका! गंगाबाई, काड्यापेटी इकडे द्या! मी सांगतो वास कुठून येतोय ते!"

सगळी गल्ली आशेने त्या नाकाकडे बघायला लागली. तसं ते भल्याभल्यांना भरवसा वाटावा असंच होतं. फत्तेसिंहरावांनी डोळे मिटले, नाक डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. लोक जिथे जास्त तोंडं वाकडी करत होते, ती दिशा त्यांनी पापणीच्या फटीतून हेरली आणि ठोकून दिलं, "इथून! तुकोजीरावांच्या घरातून!"

"आमच्याकडून?" तुकोजीराव मिशीवरून हात फिरवत पुढे आले. "अहो, आमच्या घरी शेगडीच बंद आहे!"

"मग सिलिंडर गळत असेल! काढा बाहेर!"

तुकोजीरावांचा सिलिंडर बाहेर आला. त्यामागून भरलेला दुसरा आला. मग शेजारच्यांना वाटलं, आपला कशाला आत ठेवा? त्यांचाही आला. "कुठे ठेवू?" असं जो तो विचारू लागला. फत्तेसिंहराव सेनापतीच्या थाटात म्हणाले, "इकडे, मोकळ्यावर! माझ्या गाडीपाशी! मी स्वतः उभा आहे ना इथे!"

आणि शिर्क्यांच्या डिकीला टेकून गल्लीतले सगळे सिलिंडर लग्नातल्या पंगतीसारखे ओळीने मांडले गेले. मधे खुद्द फत्तेसिंहराव, डिकीवर कोपर टेकून उभे!

कुणीतरी फोन करून बोलावलेला बंब आला. जवानाने आधी गल्लीभर नजर फिरवली, मग त्या पंगतीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. त्याने खिशातून एक छोटं यंत्र काढलं. तुकोजीरावांच्या दारात ते गप्प राहिलं. सिलिंडरांजवळ एकदा चिवचिवलं. फत्तेसिंहरावांजवळ किंचाळायला लागलं, आणि डिकीपाशी तर त्याने असा टाहो फोडला की गंगाबाईंनी कानांवर हात ठेवले.

"आ गाडी कोनी छे?"

इतका वेळ शेजाऱ्यांकडे वळलेली सगळी बोटं एकदम फत्तेसिंहरावांकडे वळली.

जवानाने किल्ली घेतली, डिकी उघडली, टाकीची चावी बंद केली. गव्हाचं पोतं टाकीतून निघणाऱ्या नळीच्या सांध्यावर निवांत रेललेलं होतं. ते बाजूला करून त्याने मान वर केली. "काका, एटली वास! तमने न आवी?"

फत्तेसिंहरावांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. गल्ली बघत होती. तुकोजीराव बघत होते. निरुपमा बघत होती. ते नाक कुठे ठेवावं हेच फत्तेसिंहरावांना कळेना.

"त्यांना सर्दी झालीये," मागून राजेश्वरीबाई म्हणाल्या. "कालपासून नाक चोंदलंय. त्यांनी आज बाहेर पडायलाच नको होतं. पण माझाच हट्ट."

जवानाने चांगलं खडसावलं, तेही हक्काने. फत्तेसिंहरावांनी मान खाली घालून सगळं ऐकलं, मग घरोघरी जाऊन हात जोडले. कंबर वाकत नसल्यामुळे ते जोडणं जरा ताठच दिसलं, पण मनापासूनचं होतं. तुकोजीराव म्हणाले, "शिर्के, आमच्या चार पिढ्यांत घर रस्त्यावर आलं नव्हतं. तुमच्या नाकाने आणलं!" पण म्हणता म्हणता त्यांना स्वतःलाच हसू फुटलं, आणि सिलिंडर आत नेता नेता सगळी गल्ली हसायला लागली.

हार्दिकला फोन केला आणि तो येईपर्यंत दोघं समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसली.

"मला सर्दी नाहीये," फत्तेसिंहराव शेवटी म्हणाले.

"माहीत आहे."

"मला वास येत नाही, राजू. तापापासून. काहीच येत नाही."

"तेही माहीत आहे."

फत्तेसिंहराव गर्रकन वळले. कंबर ओरडली, पण त्यांना ऐकू आली नाही. "कधीपासून?"

"एकदा तुम्ही दारातून आलात आणि म्हणालात, 'वा, काय आमटी झालीये! नुसत्या वासानेच भूक लागली!'" बाईंच्या ओठांच्या कडा थरथरत होत्या, हसण्याने की कशाने, कोण जाणे. "माझा उपास होता हो त्या दिवशी, आणि तुमचा डबा निरुपमाकडून यायचा होता. शेगडीवर मी गुडघे शेकायला पाणी तापवत होते."

फत्तेसिंहरावांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं मन लावून म्हणायचात. मला वाटलं, सांगावंसं वाटेल तेव्हा सांगाल. तुम्ही का नाही सांगितलंत?"

"तू एवढ्या उकाड्यात उभी राहून फोडण्या देतेस. मला त्यातलं काही कळतच नाही म्हटल्यावर..." ते थांबले. "मीठ कळतं मला. तिखट कळतं. बाकी तुझ्या तोंडाकडे बघून ओळखायचो. बरं झालं असलं की तू पहिल्या घासाला डोळे मिटतेस."

गल्ली अजून हसत होती, दारात बायका उभ्या होत्या, तरी बाईंनी भर रावपुऱ्यात नवऱ्याचा हात आपल्या हातात घेतला आणि हार्दिक येईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी फत्तेसिंहराव स्वतःहून डॉक्टरांकडे गेले. नाक कधी सुधारेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. हार्दिकने नळी बदलली, टाकीभोवती मजबूत जाळी बसवली आणि पुन्हापुन्हा तपासून गाडी परत दिली. बाकावर फत्तेसिंहरावांनी सगळं खरं सांगून टाकलं, फक्त उचलण्याचा प्रसंग तेवढा थोडा वाढवून सांगितला. आणि घरात वाटणी झाली: गाडी त्यांची, नाक बाईंचं.

पुढच्या गुरुवारी फत्तेसिंहराव इतक्या जपून निघाले की सायकली पुढे जात होत्या.

"येतोय का?" पहिल्या वळणावर त्यांनी विचारलं.

"नाही."

"आता?"

"नाही हो."

"नीट घे. घाईने सांगू नकोस. आता?"

राजेश्वरीबाईंनी काच खाली केली, डोळे मिटले, खोल श्वास घेतला. "हं," त्या म्हणाल्या. "आता येतोय. चांगला जोरात येतोय."

फत्तेसिंहरावांनी करकचून ब्रेक मारला! मागे हॉर्नांचा गदारोळ उठला. गाडी कडेला घेतली, गॅस बंद केला, धावत डिकी उघडली, टाकीची चावी पिळली. मागच्या स्कूटरवाल्याला ओरडून सांगितलं, "दूर! दूर राहा!" मग ते घामाघूम होऊन बाईंच्या खिडकीशी आले. "उतर लवकर! कुठून येतोय?"

बाईंनी शांतपणे पलीकडे बोट दाखवलं.

"त्या गाड्यावरून. सेवउसळीचा आहे. दोन प्लेट सांगा, आणि माझ्या प्लेटमध्ये तर्री जास्त घाला म्हणावं."