लिंबाजीची कुलपं अन् माझी विमानाची बॅग

आमच्या शेजारचा लिंबाजी दिसलेलं कुलूप ओढून पाह्यल्याशिवाय पुढं जात न्हाई. कुलूप कोणाचंबी असो. किराणा दुकानाचं, शाळेचं, पंचायतीच्या टाकीचं. हिसका देतो, मान हलवतो अन् मंग चालू लागतो. कोणी घराबाहेर निघालेलं दिसलं की रामराम न्हाई, जयभीम न्हाई, पहिला सवाल एकच. "ओढून पाह्यलं का?" एकदा बदनापूरच्या बाजारात परक्या दुकानाचं कुलूप ओढताना लोकांनी त्याला चोर समजून धरलं. दोन थापडा बसल्या. तर हा मारणाऱ्यालाच म्हणतो, "मारा, पण कुलूप बदला. लई ढिलं हाय."

जालन्याच्या एमआयडीसीत एका लोखंडाच्या कारखान्यात तो गेटवर वॉचमन होता. नोकरी सुटली, गेट काही त्याच्या अंगातून गेलं न्हाई. घराला तीन कुलपं. बादलीला कुलूप. सायकलला दोन, अन् सायकल पंक्चर. एका लग्नात चपला चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यानं दोन्ही चपला एकमेकीला कुलपानं जोडून मांडवाबाहेर ठेवल्या. जेवून आला तर चपला जागेवर अन् चावी गायब. जोड हातात धरून अनवाणी गावात आला. वाटेत भेटंल त्याला सांगून राह्यला होता, "गेल्या का चोरीला? न्हाई गेल्या."

माझी बायको गया त्याला हसायची न्हाई. साऱ्या गल्लीत ती एकटीच. लिंबाजीला ना बायको ना लेकरू. रोज दिवस कलला की तो आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. गया पितळी अडकित्त्यानं सुपारी कातरायची, एक खांड माझ्या हातावर, एक त्याच्या. म्हणायची, भावजी, सुपारी हाय ती, ओढून पाहू नका, खावा.

गया गेली. मी चौथी शिकलेला माणूस, दुःख कसं लिहितात ते मला येत न्हाई. घर लई मोठं झालं, एवढंच सांगतो.

लेक सुनीता बंगळूरला असती. तिनं आईचं काही म्हणजे काही मागितलं न्हाई, फक्त अडकित्ता मागितला. तो घेऊन यावं म्हणून मला विमानाचं तिकीट काढलं. फोनवर बजावलं, बाबा, अडकित्ता खिशात ठेवू नका, धारेची वस्तू जवळ ठेवू देत न्हाईत. मोठ्या बॅगेत टाका, ती बॅग ते वेगळी नेतात.

वेगळी नेतात म्हणल्यावर मी अडकित्ता पुन्हा हातात घेतला. अडकित्ते बाजारात ढीगभर मिळतात. पण ह्याची एक दांडी गयाच्या अंगठ्यानं झिजलेली. ती झीज कोणत्या दुकानात मिळती? बॅगेत कोणी हात घातला तर संपलं. हे मी लिंबाजीजवळ बोललो अन् तिथून पुढचं समदं रामायण झालं.

लिंबाजीनं विमान फक्त खालून पाह्यलेलं. पण त्यानं हिशेब मांडला. बॅग तुमच्या हातातून काट्यावर, काट्यावरून पट्ट्यावर, पट्ट्यावरून गाडीत, गाडीतून विमानाच्या पोटात. एवढे हात, अन् मधे एक चेन. दुसऱ्या दिवशी मला घेऊन तो जालन्याला बॅगेच्या दुकानात गेला. दुकानदारानं आकड्याचं बारीक कुलूप दाखवलं. आकडा तुम्ही ठेवायचा, म्हणला, अन् खाली हे चावीचं भोक विमानतळवाल्यांसाठी. काही देशांत त्यांच्याकडं ह्याची चावी असती, तपासायचं असलं तर तोडत न्हाईत, उघडतात.

"म्हणजे कुलूप माझं अन् चावी परक्याची," लिंबाजी म्हणला. "मंग कुलपाला काय देव्हाऱ्यात ठेवायचं?"

दुकानदार समजावून थकला अन् दुपारच्या जेवणाला दुकान बंद करून निघून गेला. जाता जाता लिंबाजीनं त्याच्या शटरचं कुलूप ओढून पाह्यलं.

मंग त्यानं घरची कुलपं काढली. चेनच्या दोन्ही कड्यांना मिळून एक, मुठीला एक, बाजूच्या रिकाम्या खिशाला एक. रिकाम्याला कशाला, म्हणलं, तर म्हणतो, चोराला थकवायला. एक कुलूप तर नुसतं दुसऱ्या कुलपात अडकवलेलं. माझ्या कपड्यापेक्षा कुलपांचं वजन जास्त झालं. निघताना मी माझ्या घराचं कुलूप अन् चावी त्याच्या हातात दिली. म्हणलं, लाव तुझ्या हातानं, अन् ओढ पोटभर. ह्याच्यापरीस मोठी दिवाळी त्याला कोणती?

संभाजीनगरच्या विमानतळावर बॅग मशीनमधून गेली अन् अडली. वर्दीतली पोरगी म्हणली, बाबा, कात्रीसारखं काय आहे आत? उघडा. मी खिसे चाचपले. चावी न्हाई. लिंबाजीला फोन लावला.

"तुमच्याकडं चाव्या नसणारच, दादा," तो एकदम थंडपणे म्हणला. "कुलूप अन् चावी एका गाडीत बसवत नसतेत. चाव्या म्या कुरिअरनं सुनीताकडं धाडल्या."

मागं रांग खोळंबली. बॅग इथंच राहती अन् गयाचा अडकित्ताबी, असं वाटलं. पोरीनं माझ्याकडं पाह्यलं, खिशातला बॉलपेन काढला, चेनच्या दातात खुपसला अन् ओढला. भुईमुगाची शेंग फुटावी तशी बॅग फुटली. कुलपं समदी जागच्या जागी लोंबत होती. तिनं अडकित्ता उघडून पाह्यला, दोनदा वाजवला. कोणाचा, म्हणून विचारलं. मी सांगितलं. तिनं तो परत टॉवेलात गुंडाळून कपड्यांच्या मधोमध ठेवला. मंग कुलपासकट चेनच्या कड्या एकदा ह्या टोकाला अन् एकदा त्या टोकाला फिरवल्या. चेन बंद. ओरखडासुदिक न्हाई.

मी लिंबाजीला फोनवर सांगितलं, बॉलपेननं उघडली. तर तो म्हणतो, "पेन कोणत्या कंपनीचा?"

बंगळूरला पट्ट्यावरून बॅग आली, मुठीचं कुलूप वाटेत कुठंतरी पडलेलं. मी त्या पोरीवानीच बॉलपेननं चेन उघडली, आत अडकित्ता होता. सुनीतानं झिजल्या जागी अंगठा ठेवला अन् तशीच खाली बसली. चाव्यांचं कुरिअर मी निघायच्या दिवशी आलं.

परत आलो तर गल्लीच्या तोंडावरूनच दिसलं. माझ्या घराचं दार सताड उघडं. ओट्यावर लिंबाजी बसलेला, बाजूला त्याची वळकटी, मांडीवर माझं कुलूप. त्याच्या स्वतःच्या घराला मात्र तीन कुलपं होती. मी तोंड सोडलं. म्हणलं, भाड्या, साऱ्या दुनियेची कुलपं ओढत हिंडतो अन् माझंच घर उघडं टाकलं?

तो मांडीवरचं कुलूप उलटंपालटं करत राह्यला.

"लावायला गेल्तो, दादा. रोज गेल्तो. वहिनी असताना ह्या दाराला कधी कुलूप पाह्यलं न्हाई म्या. कडी लावायचो अन् हात पुढं जायचा न्हाई. मंग म्हणलं, बसून राखावं."

मी त्याच्या बाजूला ओट्यावर टेकलो. खिशातून डबी काढली. सुनीतानं आईच्या अडकित्त्यानं सुपारी कातरून दिल्ती. एक खांड त्याच्या हातावर ठेवलं, एक मी घेतलं. त्यानं ते तोंडात टाकलं न्हाई लवकर. तळहातावर धरून पाहत बसला.

अंधारून आलं तसा तो वळकटी काखेला मारून उठला. मी दार नुसतं लोटून घेतलं. जाता जाता त्यानं मागं वळून दाराकडं पाह्यलं. ओढून पाह्यलं का, असं काही विचारलं न्हाई.