भिंतीवरचे टिकाराम

माणसाला घरात मान मिळावा यासाठी आपल्याकडे एक फार जुनी आणि खात्रीची सोय आहे : त्याने मरावे. मग त्याला भिंत मिळते, चंदनाचा हार मिळतो आणि त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही (तो बोलतच नाही, त्यामुळे अडचण येत नाही).

आमच्या चेरीताल मोहल्ल्यातल्या टिकाराम सोमकुवरांनी हा मान जिवंतपणी मिळवला. ते खमरियाच्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांचा भाचा शैलेंद्र मुंबईत हिंदी मालिकांच्या सेटवर सामान मांडायचा. एका मालिकेला दिवंगत आजोबांचा फोटो हवा होता. शैलेंद्रने मामांचा निरोप समारंभातला फोटो टांगला. निर्माता खूश झाला. म्हणाला, "चेहऱ्यावरून गेलेलेच वाटतात."

पाच वर्षांत टिकारामजी अकरा घराण्यांत वारले. सात ठिकाणी उद्योगपती, तीन ठिकाणी ठाकूर, एकदा कर्नल. सून खोटे बोलली की त्यांचा हार हलायचा, आणि त्या हलण्यात संयम आहे असे जाणकार म्हणत. एकदा काच तडकली, तेव्हा मात्र गल्लीतल्या भय्यासाहेबांनी चौकात मत दिले, "इथं थोडी ओव्हरअ‍ॅक्टिंग झाली जी." टिकारामजी दोन दिवस नीट जेवले नाहीत.

आमच्याच शहरातल्या गोरखपूर बाजारात बायका त्यांच्या पाया पडत. शेजारच्या भीमाबाई डोळे पुसत सांगत, "भाऊजी, तुमी गेल्यावर मोठ्या सुनेनं तिजोरीची चाबी कमरेला खोसली!"

"मी पाहून राहिलो ना सगळं," टिकारामजी म्हणत. (खरेच होते. फोटो तिजोरीच्या वरच होता.)

दुःख एकच. घरी त्यांनी चहा मागितला की पत्नी कुसुमबाई म्हणत, "आत्ताच तर पेलात! काहून सारखं सारखं?"

शेवटी त्यांनी शैलेंद्रकडे हट्ट धरला, "एक डाव मले जित्ता दाखव. एकच वाक्य दे."

मामाच तो. शैलेंद्रने निर्मात्याचे पाय धरले आणि जुन्या आठवणीचा एक प्रसंग घालून घेतला. वाक्य होते, "बहू, ज़रा चाय लाना." टिकारामजींनी महिनाभर घरी सराव केला. घरच्यांनी दाद दिली नाही (चहाही दिला नाही). मग ते मुंबईला जाऊन तेवढे बोलून आले.

प्रसंग दिसायचा त्या संध्याकाळी अख्खी गल्ली कुसुमबाईंच्या खोलीत जमली. पडद्यावर टिकारामजी हलले. बोलले. सून चटकन उठली आणि तिने वाफाळता चहा आणला.



"हाय रे! बाबूजी चहा मागतात?" भीमाबाई म्हणाल्या. "किती सात्त्विक होते जी ते!"

"फोटोत जी जान होती," भय्यासाहेब म्हणाले, "ती जिवंतपणात नाही आली."

देशभरच्या प्रेक्षकांचेही असेच मत पडले. पुढच्याच भागात टिकारामजींना भिंतीवर परत घेण्यात आले. मालिका पुन्हा उत्तम चालली.

परवा मी त्यांच्याकडे बसलो होतो. टिकारामजींनी खुर्चीत सावरून बसत, मुंबईत लावला होता अगदी तोच आवाज लावला, "कुसुम, जरा चहा..."

"श्श! गप बसा ना जी," कुसुमबाई म्हणाल्या. "तुमचा फोटो येऊन राहिला."

त्यांनी टीव्हीला हात जोडले. भीमाबाईंनी जोडले. जरा थांबून टिकारामजींनीही जोडले.

तुम्ही हसलात, बरे केलेत. आता जरा मान वर करून आपल्या भिंतीकडे पाहा. हार सरळ आहे, काचही पुसलेली आहे. त्यांनी शेवटचा चहा मागितला तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात, तेवढे आठवते का?