जावईबापू गादी सोडत नाहीत

गादी विकायची तर आधी तिच्यावर आपण स्वतः झोपून दाखवावं, हे जावईबापूंचं तत्त्व होतं. गिऱ्हाईक बिचारं लाजतं. चपला काढून चारचौघांत आडवं व्हायचं म्हणजे कुणालाही संकोच वाटणारच. जावईबापू मात्र बूट काढून असे काही पसरत, की बघणाऱ्याला जांभई यावी. सासऱ्यांचं हे दुकान गेली बरीच वर्षं तेच सांभाळत होते. म्हणजे माल आणणं, विकणं, पोचवणं सगळं ते करत आणि सासरे गल्ल्यामागच्या गुबगुबीत खुर्चीत बसून 'सांभाळून हं' असं म्हणत.

पण आजचा दिवस वेगळा होता. सासऱ्यांचे चिरंजीव शिक्षण आटपून परत आले होते आणि 'गादीवर पुढे कोण बसणार, ते आज संध्याकाळी सांगून टाकतो' असं सासऱ्यांनी जाहीर केलं होतं. त्यात सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. मुलगा म्हणून चिरंजीव एकटेच होते. जावईबापूंना दुकान अगदी मनापासून हवं होतं, पण सासऱ्यांकडे आपल्या तोंडानं मागायचं कसं?

"आज तरी तोंड उघडा," बायको सकाळी म्हणाली होती. "नाहीतर जन्मभर दुसऱ्याच्या गादीवर झोपून दाखवत बसाल."

"उघडतो," असं म्हणून जावईबापूंनी ते उघडलं होतं खरं, पण चहा पिण्यापुरतंच.

दुकान उघडल्या उघडल्या पायात खेळाचे बूट घातलेल्या एक बाई आल्या. त्यांना जरा कडक गादी हवी होती. जावईबापू उत्साहानं डबल बेडच्या एका नव्या कोऱ्या गादीवर आडवे झाले.

"बघा, कणा कसा सरळ राहतो! इथं माणूस झोपला की..."

तेवढ्यात किमतीची चिठ्ठी घसरून खाली पडली. ती उचलायला जावईबापूंनी पडल्या पडल्याच अंग पिरगाळून हात खाली नेला आणि कट् असा आवाज झाला. आवाज लहानच होता, पण तो त्यांच्या कमरेतून आला होता.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"कुठं काय? गादीच अशी आहे, की उठावंसं वाटत नाही," जावईबापू दात आवळून म्हणाले.

"अहो, तुमचा चेहरा पांढराफटक पडलाय. मी काय म्हणते, मी स्वतः..."

"स्वतः झोपून बघा ना! बाजूला भरपूर जागा आहे."

गल्ल्यावर पावत्या फाडणाऱ्या बाई धावत आल्या आणि त्यांनी जावईबापूंचे दोन्ही हात धरून ओढले. जावईबापू असे किंचाळले, की रस्त्यावरची माणसं काचेला नाक लावून बघू लागली. तेव्हा गल्ल्यावरच्या बाईंनी हात टेकले आणि शेठना फोन लावला. फोनवर मोजकंच बोलायचं, असा त्यांचा शिरस्ता होता.

"शेठ, लवकर या. जावईबापू गादी सोडत नाहीत."

"काय?"

"उठायलाच तयार नाहीत. मी ओढून बघितलं, तर अंगावर ओरडले."

"आज? नेमकं आजच?"

"हो. गिऱ्हाइकांसमोर." आणि बाईंनी फोन ठेवला.

सासऱ्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं तोंडातून ब्र न काढणारा माणूस, आणि आतून हे असलं शिजत होतं! "चल!" ते चिरंजीवांवर ओरडले. "भावजींनी तुझी गादी बळकावलीय."

"मग घेऊ द्या ना त्यांना," चिरंजीव म्हणाले.

"गप्प बस! तुझ्यासाठीच भांडायला निघालोय मी!"

इकडे दुकानात ही गर्दी लोटली होती. गादीवर एक माणूस डोळे मिटून पडलाय, आजूबाजूला एवढा गोंगाट चाललाय, तरी बोटसुद्धा हलवत नाही, ही जाहिरात कुठल्याही पाटीपेक्षा भारी होती. एका आजोबांनी तर हट्टानं तीच गादी मागितली. जावईबापूंनी पडल्या पडल्याच सौदा पक्का केला. सवय वाईट असते.

सासरे वादळासारखे आत शिरले. मागोमाग चिरंजीव शिंकत आले.

"ऊठ!" सासरे गरजले. इतक्या वर्षांत जावयाला त्यांनी पहिल्यांदाच अरे-तुरे केलं.

"नाही उठता येणार, बाबा."

"येणार नाही? अरे, ही गादी माझ्या वडिलांची आहे!"

जावईबापूंनी एक डोळा उघडला. "नाही हो बाबा. ही तर मागच्या आठवड्यात आली."

"थट्टा करतोस माझी?"

"थट्टा कशाला करू? आणि आता ती आपली राहिलीही नाही. विकली मी."

"विकली?" सासऱ्यांचा आवाज चिरकला. "मला न विचारता? कुणाला?"

"या आजोबांना. थोडी सूटही दिली."

सासऱ्यांनी आजोबांकडे बघितलं. आजोबांनी अदबीनं मान लववली आणि विचारलं, "घरपोच पाठवाल ना?"

आता मात्र सासऱ्यांचा तोल सुटला. जावयाची कॉलर धरून त्याला खेचायला ते तावातावानं वाकले, पार कमरेतून, आणि तेही वाकडे. पुन्हा कट् झालं. सासरे 'आई गं' म्हणत जावयाशेजारीच कोसळले. गादी डबल बेडची होती म्हणून निभावलं.

"आता तरी मला बघू द्याल का?" खेळाच्या बुटांच्या बाई पुढे झाल्या. "मी फिजिओथेरपिस्ट आहे. मघापासून तेच सांगतेय, पण हे मला गादी विकायचं थांबवतच नाहीत."

त्यांनी दोघांना पायाची बोटं हलवायला लावली. पायात मुंग्या येतात का, पाय बधिर वाटतो का, लघवीला काही त्रास आहे का, असं विचारलं. शेवटच्या प्रश्नाला गल्ल्यावरच्या बाईंनी तोंड फिरवलं आणि आजोबांनी कान पुढे केला. दोघांचंही उत्तर 'नाही' आलं.

"मग घाबरू नका. मणक्यांच्या मागच्या अंगाला छोटे छोटे सांधे असतात, दाराला बिजागऱ्या असतात ना, तसे. वेडंवाकडं पिरगाळलं की त्यातला एखादा दुखावतो. मग आजूबाजूचे स्नायू त्याला वाचवायला घट्ट आवळून बसतात. जीव जातो तो बराचसा त्यांच्यामुळं. गुडघ्यांखाली उशी घ्या, शेक घ्या. थोडं सैल झालं की कुशीवर वळवून उठवते. ओढाओढी कुणी करायची नाही."

"आणि नंतर पडून राहायचं ना?" सासऱ्यांनी आशेनं विचारलं. समोरच्या भिंतीवर 'पाठ दुखते? मग पडून राहा!' ही पाटी त्यांनी स्वतः रंगवून घेतली होती.

"अजिबात नाही. पडून राहिलात तर आणखी आखडाल. झेपेल तसं हिंडायचं, फिरायचं."

"ताई, जरा हळू बोला," सासरे कळवळले. "गिऱ्हाईक ऐकतंय."

गुडघ्यांखाली दुकानातल्याच उशा आणि कमरेशी गरम पाण्याच्या पिशव्या घेऊन सासरा-जावई छताकडे बघत पडून राहिले.

"म्हणजे तू पाठ धरली म्हणून उठत नव्हतास?" बऱ्याच वेळानं सासरे म्हणाले.

"मग दुसरं काय?"

"मला वाटलं, गादी बळकावलीस. दुकानाची."

जावईबापूंना हसू आलं, पण हसल्यावर कळ येत होती. मग हसूही गेलं. छताकडे बघून बोलण्यात एक सोय असते, समोरच्याचा चेहरा दिसत नाही.

"बळकावणार नाही, बाबा," ते म्हणाले. "पण हवीय मला. फार हवीय. सकाळी शटर वर करताना मला रोज बरं वाटतं. नव्या गाद्यांचा वाससुद्धा आवडतो मला."

हा माणूस रोज शटर वर करतो, आणि त्याला काय हवंय ते आपण कधी विचारलंच नाही, याची सासऱ्यांना मनापासून लाज वाटली.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही विचाराल."

"मलाही कुणी विचारलं नाही," उशाशी उभे असलेले चिरंजीव म्हणाले. "बाबा, मला नकोय दुकान. इथं पाऊल टाकलं की मला..." आणि पुढचं वाक्य सलग शिंकांत वाहून गेलं.

थोड्या वेळानं फिजिओथेरपिस्टबाईंनी आधी जावईबापूंना कुशीवर वळवून, हातावर भार देऊन बसतं केलं आणि मग उभं केलं. ते वाकडे होते, पण उभे होते. मग त्या सासऱ्यांकडे वळल्या.

"तुमचं रोजचं काम काय असतं?"

"बसणं," गल्ल्यावरच्या बाईंनी मोजक्या शब्दांत सांगितलं.

फिजिओथेरपिस्टबाईंनी खुर्चीला पडलेला खोलगट खड्डा बघितला. "मग स्पष्टच सांगते. बरं व्हायचं असेल, तर तुम्ही आता गादी सोडा."

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं. जावयानं वाकडं उभं राहून हात पुढे केला.

"सोडली," सासरे म्हणाले आणि त्या हाताच्या आधारानं हळूहळू उभे राहिले.

"बरं झालं, मोकळी झाली एकदाची," आजोबा पुढे सरसावले. "शेठ, आता ही माझ्या घरी कधी पाठवताय?"

सासऱ्यांनी सवयीनं तोंड उघडलं, मग मिटलं. कमरेवर हात ठेवून त्यांनी खुर्चीकडे नव्हे, तर रस्त्याकडे पहिलं पाऊल टाकलं.

"ते आता मालकांना विचारा," जावयाकडे बोट दाखवत ते म्हणाले.