जळालेल्या जंगलात जाण्याची रीतसर परवानगी

पेटलेले जंगल विझवता येते; पण विझलेल्या जंगलात लोक मनाला येईल तसे हिंडू लागले, तर ते आवरणे कठीण. म्हणूनच वणवा विझल्याच्या तिसऱ्या दिवशी, राख अजून कोमट असतानाच, आमच्या कार्यालयाने पदभ्रमण परवाना विभाग सुरू केला. (वणवा विझवणारा विभाग मंजुरीच्या टप्प्यात आहे.) मी या विभागाचा वरिष्ठ कारकून. कनिष्ठ अद्याप नेमलेला नाही, तरी मी वरिष्ठच.

आमची पद्धत सरळ आहे. डोंगरावर जायचे तर अर्जात तिथल्या झाडाचा क्रमांक लिहावा लागतो, म्हणजे माणूस हरवल्यास कोणत्या झाडापाशी शोधायचा ते कळते. वणव्यात अकरा हजार चारशे झाडे जळाली. झाडांची नोंदवही मात्र कपाटात असल्यामुळे सुखरूप राहिली. तेव्हा कागदोपत्री एकाही झाडाला धक्का लागलेला नाही, आणि त्याबद्दल साहेबांना वरून शाबासकीचे पत्रही आले.

अशा सुरळीत कारभारात चौकीवाले काका अर्ज घेऊन आले. डोंगरमाथ्यावरच्या टेहळणी चौकीत ते बावीस वर्षे कुटुंबासह राहिले. धूर दिसला की खाली कळवायचे, हे त्यांचे काम. ते निवृत्त झाल्यावर धूर दिसेनासा झाला, म्हणून ते पद रद्द करण्यात आले. वणव्यात चौकीही गेली. उरलेसुरले सामान पंधरा तारखेला ठेकेदार साफ करणार होता. त्याआधी काकांना वर जायचे होते. चौकीच्या दाराच्या चौकटीवर त्यांची बायको दर वाढदिवसाला मुलीची उंची पेन्सिलीने नोंदवायची. बायको आता नाही. चौकट वाचली असेल, तर ती त्यांना खाली आणायची होती.

अर्जात हेतूचे चार पर्याय आहेत : व्यायाम, छायाचित्रण, आत्मशोध आणि इतर. 'इतर'ला साहेबांचे वेगळे पत्र लागते, आणि साहेब दौऱ्यावर असतात. म्हणून मी काकांना आत्मशोध दिला.

तरीही पहिला अर्ज परत आला. झाडाच्या रकान्यात काकांनी लिहिले होते : 'झाड नाही. दुर्बिणीतून पाहिलं.'

"काका, जुनाच नंबर टाका ना," मी आपुलकीने म्हटले. "कोण बघायला जातंय?"

"बावीस वर्षं मी धूर असेल तर धूर कळवला, धुकं असेल तर धुकं. आता या वयात नसलेलं झाड कळवू?"

त्यांची मुलगी सोबत होती. ती दातांची डॉक्टर असल्याने आडमुठ्या माणसांची तिला सवय आहे. "बाबा, झाड मी लिहिते," ती म्हणाली. "तुम्ही फक्त सही करा. आणि सही करताना खिडकीबाहेर बघा."

काकांनी खिडकीबाहेर बघत सही केली. ती रकान्याबाहेर गेली, पण मी चालवून घेतले.

दुसरी अडचण अनुभवाची. 'ही वाट यापूर्वी किती वेळा चालला आहात?' काकांनी लिहिले, 'रोज.' संगणकाला आकडा लागतो आणि तोही फार तर दोन अंकी, म्हणून मी नव्याण्णव टाकले. वीसच्या वर गेले की संगणक माणसाला धंदेवाईक वाटाड्या समजतो आणि त्याच्याकडे प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र, शिट्टी व किमान सहा गिऱ्हाइके मागतो. मग मी काकांना शून्यावर आणले. शून्यवाल्यांना वाटाड्या सक्तीचा. त्या वाटेच्या वाटाड्यांच्या यादीत एकच नाव होते, तेही काकांचेच. अखेर स्वतःच्या देखरेखीखाली चालण्याचे संमतीपत्र त्यांनी दोन प्रतींत दिले. एक प्रत चालणाऱ्याची, एक वाटाड्याची.

एवढे होईपर्यंत तारखा संपल्या. रोज बाराच जणांना सोडायचे, असा नियम आहे. जळालेल्या झाडांचे फोटो फार छान येत असल्यामुळे चौदा तारखेपर्यंतच्या सगळ्या जागा चार मिनिटांत भरल्या. काका प्रतीक्षा यादीत पहिले.

चौदाला सकाळी सातलाच ते करवत, पटाशी आणि पाण्याची बाटली घेऊन आले. माझ्या टेबलावर बारा परवाने तयार होते. फाटक अकराला बंद होते. दहा वाजले तरी बारापैकी एकही फिरकला नाही.

"अहो, जागा रिकाम्याच आहेत की," काका म्हणाले.

"रिकाम्या नाहीत काका. भरलेल्या आहेत. फक्त माणसं आलेली नाहीत."

न येणाऱ्याने एक बटण दाबले की जागा सुटते. मात्र ते त्यानेच दाबायला हवे. मी बाराही जणांना फोन लावले. आठांनी उचलला नाही. एकाने परवाना टपालाने मिळेल का, विचारले. बाकीचे "बघू" म्हणाले. 'बघू' हा नकार धरावा, असा नियम नाही. अकराला फाटक बंद झाले. काका बाकावर बसून राहिले. मला फार वाईट वाटले. मी पंखा त्यांच्याकडे वळवला.

सोळाला ठेकेदाराचा अहवाल आला : 'लाकडी चौकट एक. डावी बाजू शाबूत. तीवर पेन्सिलीच्या रेघा नऊ. निरुपयोगी. तोडून दरीत टाकली.' तो मी फाइलला लावला. असे अहवाल अर्जदाराला कळवायची तरतूद नाही, आणि खरे सांगतो, असती तरी मला ते जमले नसते. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

ते बारा परवाने अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. सगळ्यांत वरचा तुमचा आहे. असे दचकू नका. असावा हाताशी, जमले तर जाऊ, म्हणून तुम्हीच घेऊन ठेवला होतात. हेतू : आत्मशोध. मी फोन केला तेव्हा तुम्ही कामात होतात, तरी "बघू" म्हणालात. ओळखपत्र दाखवून केव्हाही घेऊन जा. मुदत संपली आहे, पण फोटो काढायला अजूनही छान दिसतो.