घटकेत चार जव

आमच्या शेजारचे रघूतात्या जळवा लावतात आणि मग त्या पिळतात, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना मळमळायचंय त्यांनी मळमळून घ्यावं. कल्याणात दुसरेही जळवा लावतात, पण ते रक्त पिऊन फुगलेल्या जळवेवर हळद टाकतात, ती ओकते, संपलं. तात्या ते रक्त अत्तराच्या कुपीत धरणार. जळवेच्या पोटातलं रक्त गोठत नाही म्हणे, लाल खाली बसतं आणि वर पिवळं पाणी राहतं. कुपीवर जवाच्या दाण्याएवढ्या अंतरावर रेघा. शेजारी पाण्याच्या परातीत भोकाची वाटी सोडायची, ती बुडाली की घटका झाली. तोवर लाल किती रेघा उतरलं ते हा एकटा माणूस बघत बसणार, आणि दारात कोणी आलं की न वळता म्हणणार, "बसू दे." आंबिवलीचे पाहुणे एकदा आपल्यालाच म्हटलं समजून बसले, घटकाभर बसले आणि तसेच उठून गेले.

तर माझ्या चिमीचा गुडघा सुजला. पाच वर्षांची पोर, अंगात रोज कणकण. सासूबाई म्हणाल्या, "खोटं लंगडते. आईसारखीच, काम सांगितलं की कळ येते." त्यांच्या भावाकडे बाळकुमला लग्न होतं, ठाण्याला गाडीतून उतरून पुढे पोरीला चालवत न्यायचं ठरलेलं. मला वाटलं पाय कायमचा जाणार, म्हणून मेली गेले तात्यांकडे.

त्यांनी एक जळू चिमीच्या गुडघ्याला लावली, एक स्वतःच्या हाताला.

"तुम्हाला काय झालंय?"

"काही नाही, म्हणूनच. शेजारी बरं रक्त नको का दिसायला?"

घटकेत तात्यांचं रक्त एक जव उतरलं, चिमीचं चार.

"आत काहीतरी जळतंय. चालवायची नाही."

"काय जळतंय?"

"ते रक्त सांगत नाही."

असा राग आला. मग कशाला पिळलंत माझ्या पोरीचं रक्त, आहे म्हणता आणि काय ते माहीत नाही, असं मी तोंडावर म्हटलं. तात्या म्हणाले, "आहे एवढं कळलं ना. वाढतंय का कमी होतंय, तेही कळेल. आठ दिवसांनी आण."

वर हा माणूस कुपी घेऊन आमच्या दारात. सासूबाईंनी नाकाला पदर लावला. "जळवेचं ओकलेलं मला काय दाखवता?"

"वहिनी, पोर खोटं लंगडेल. रक्त कसं लंगडेल?"

लग्नाला सगळे गेले, आम्ही दोघी राहिलो. शिव्या मी खाल्ल्या, तात्यांनी नाही.

पुढच्या खेपेला चिमीचं तीन जव, मग दोन. सूज ओसरली. चौथ्या खेपेला एकच, आणि मी हसत त्यांच्या स्वतःच्या कुपीकडे बघितलं तर तात्यांनी तिच्यावर पंजा ठेवलेला. मी ओढून काढला. तीन जव.

"वयाचं आहे ते, सूनबाई."

"पहिल्या खेपेला एक होतं."

"चार खेपांत म्हातारा झालो."

"आणि सांगितलं कोणाला?"

तात्या वाटी पुसत बसले.

आठ दिवसांनी चिमी अंगणात पळत होती, तिला तिथेच ठेवून मी एकटी गेले. जळू मीच उचलली, किळस येत होती, तरी तात्यांच्या हाताला लावली. ते फळीवरच्या रिकाम्या कुपीकडे बघून म्हणाले, "चिमीला नाही आणलंस? मग शेजारी काय ठेवायचं?"

मी बांगड्या वर सारल्या आणि हात पुढे केला.