फ्रेममध्ये न मावलेला हत्ती

फ्रेमवाल्याला पोथीतली चित्रं तोंडपाठ होती, पण ती मापानं. महापुरातली नाव म्हणजे बारा बाय सोळा. नदीत सोडलेलं टोपलीतलं बाळ म्हणजे दहा बाय बारा, काच साधी. गोष्टी माहीत असणं हे बायकोचं खातं. भिंतीवरच्या चित्रांखाली बसून ती रोज सकाळी चार वर्षांच्या बिट्टीला एकेक गोष्ट सांगायची आणि हा दाढी करता करता अर्धीमुर्धी ऐकायचा. बायको जाऊन आता सहा महिने झाले होते. गोष्टीही थांबल्या तर पोरीच्या मनातून तिची आई पुसली जाईल, या धास्तीनं त्यानं ते काम स्वतःकडे घेतलं.

घेतलं खरं, पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एक सज्जन गृहस्थ होते, देवानं त्यांना सांगितलं की पूर येणार, मग त्यांनी नाव बांधली, लाकूड बहुधा सागवानी, सांधे अगदी काटकोनात, असं तो रंगात येऊन सांगू लागला. बिट्टीनं सांधे निमूटपणे ऐकून घेतले. मग चित्रावर बोट ठेवून विचारलं, की आई तर म्हणायची नावेत सगळ्यांच्या जोड्या होत्या, मग हत्ती एकटाच कसा?

इथे एक थाप मारायची, दुसरा आत झोपलाय म्हणायचं, संपलं. पण हा पडला सरळ माणूस.

"होता दुसरा. कडेला होता," तो म्हणाला. "मी कापला."

"का?"

"फ्रेममध्ये मावत नव्हता."

धंद्यातली साधी गोष्ट. तयार फ्रेम ठरावीक मापाच्या असतात, चित्र मोठं निघालं की कडा छाटायची. बिट्टी गप्प झाली. ती गप्प झाली की डोक्यात काहीतरी शिजत असतं, हे तिच्या आईला ठाऊक होतं. ह्याला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक निवृत्त हेडमास्तर नातवंडांसोबतचा फोटो घेऊन दुकानात आले. बिट्टीनं त्यांना बजावलं, की इथे देऊ नका, बाबा कडेची माणसं कापतो. हेडमास्तरांनी चष्मा सारखा करून फोटो पाहिला. कडेला ते स्वतःच उभे होते. उद्या येतो म्हणाले आणि गेले.

तिसऱ्या दिवशी मात्र कहर झाला. पोरीची वेणी घालायला आत्या आली, तर भिंत रिकामी. सगळ्या फ्रेम, आईच्या फोटोचीसुद्धा, जमिनीवर पालथ्या, पाठीचे पुठ्ठे उचकटलेले, आणि मधोमध बिट्टी, हातात बापाची पक्कड. आत्यानं भावाला दुकानातून बोलावून घेतलं आणि त्याची यथेच्छ खरडपट्टी काढली. देवाच्या चित्रांची ही दशा, पोरीला हेच शिकवतोस का, वगैरे. ते सगळं ऐकून घेऊन तो बिट्टीजवळ उकिडवा बसला आणि काय शोधतेस म्हणून विचारलं.

"आई," बिट्टी म्हणाली. "ती पण मावत नव्हती?"

आईच्या आठवणीसाठी तो गोष्टी सांगायला गेला, आणि पोरीच्या लेखी आईला कापणारा तोच ठरला.

मी फक्त कागद कापतो, माणसं नाही, हे दाखवायला तो तिला दुकानात घेऊन गेला. फ्रेममधून काढलेला आईचा फोटो तिनं हातातून सोडला नाही. त्यानं कतरणांचं खोकं जमिनीवर उपडं केलं. पाहा, हे आभाळ, हे अर्धं झाड, हे कुणाचं तरी दार, असं दाखवत असताना बिट्टीनं एक लांब पट्टी उचलली.

पट्टीवर तो स्वतः होता. फोटो दोघांचा होता. ती गेली तेव्हा तिला एकटीला फ्रेम करायची म्हणून त्यानंच स्वतःला छाटलं होतं. खांद्यावर तिची चार बोटं तेवढी राहून गेली होती.

बिट्टीनं पट्टी आईच्या फोटोला लावून पाहिली. बोटं हाताशी बरोबर जुळली.

"आई मावली होती," ती म्हणाली. "तूच मावला नव्हतास."

सहा महिने चारचौघांत कोरडा राहिलेला तो माणूस कतरणांच्या ढिगात बसून हमसून हमसून रडला. बिट्टीनं त्याला रडू दिलं. मग अडलेल्या गिऱ्हाइकाला समजवावं तशी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली,

"मोठी फ्रेम कर ना, बाबा."